जर्नल, असाइनमेंट आणि एआय: अंतर्गत ४० गुणांचं आता करायचं काय? (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खडूफळा
३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं. त्यानंतर बहुतेक कॉलेजांत मूल्यमापनात झालेला बदल म्हणजे असाइनमेंटच्या पहिल्या पानावर 'हे काम माझे स्वतःचे आहे' हे वाक्य वाढलं. त्याच काळात नव्या शैक्षणिक धोरणाचा आराखडा आला. सत्रान्त परीक्षा आणि अंतर्गत गुण यांचं प्रमाण कुठे ६०:४०, कुठे ७०:३०, म्हणजे अंतर्गत गुणांचं वजन चांगलंच आहे.

चर्चेसाठी एक ठोस नमुना घेऊ. द्वितीय वर्ष, चार श्रेयांकांचा विषय, आठवड्याला चार तास, १५ आठवडे, वर्गात ७२ विद्यार्थी. अंतर्गत ४० ची नेहमीची वाटणी: चाचणी २०, असाइनमेंट १०, सादरीकरण १०. यातले शेवटचे २० गुण घरी तयार करून आणलेल्या वस्तूला मिळतात. ती वस्तू कोणी बनवली ते आता बघून सांगता येत नाही.

माझं मत: घरी लिहून आणलेल्या मजकुराला गुण देणं बंद करावं. सगळे गुण समोर घडणाऱ्या कामाला. पण '७२ जणांचं समोर बसून कोण बघणार' हा प्रश्न उरतोच. डिटेक्टर (एआयचा मजकूर ओळखणारं साधन), हस्ताक्षराची सक्ती, व्हायवा (तोंडी परीक्षा), जे काही असेल ते आकड्यांसकट मांडा. 'मुलांवर संस्कार हवेत' हे सगळ्यांना मान्य आहे असं धरून चालू.

शेवटचा बाक
अंतर्गत गुण एआयच्या आधीही ४० पैकी ३८ च मिळायचे. तेव्हा एआय नव्हतं, कॉलेजच्या दारातला झेरॉक्सवाला होता. मॉडेल तेच, फक्त सर्व्हर हलला.

एक्स्टर्नल
शेवटचा बाक, विनोद सोडला तर मुद्दा बरोबर आहे. जर्नल (प्रयोगांची वही) हे मोजमाप आधीच मोडलेलं होतं. पण झेरॉक्स पकडता यायची, कारण दोन प्रती सारख्या असायच्या. आता ७२ प्रती वेगवेगळ्या येतात आणि ७२ ही चांगल्या असतात.

डिटेक्टरचा विषय आधी संपवून टाकू. ही साधनं ढोबळमानाने मजकुरातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे ते मोजतात. भाषा जितकी सरळ, ठरलेल्या वळणाची, तितका यंत्राचा संशय जास्त. आता मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इंग्रजीत कसं लिहितो ते आठवा. छोटी वाक्यं, मोजके शब्द, पाठ्यपुस्तकी जोडण्या. यंत्र नेमकं त्यालाच धरतं. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये टोफेलचे (इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांच्या परीक्षेचे) ९१ निबंध सात डिटेक्टरांतून काढले. सगळे माणसांनी लिहिलेले, पण सरासरी ६१ टक्के वेळा 'एआय' असा शेरा आला. चॅटजीपीटी बनवणाऱ्या खुद्द ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आपला डिटेक्टर बाजारात आणला. त्यांच्याच चाचणीत तो यंत्राचा २६ टक्के मजकूर पकडत होता आणि माणसाच्या ९ टक्के मजकुरावर खोटा आळ घेत होता. जुलैत त्यांनी तो गुपचूप मागे घेतला.

टर्निटिन या मजकूर तपासणाऱ्या सेवेचा दावा चुकीचा आळ १ टक्क्याहून कमी असा होता. तोही खरा धरू. ७२ विद्यार्थी, सत्रात पाच असाइनमेंट, म्हणजे ३६० कागद. १ टक्का धरला तर एका विषयात तीन-चार निरपराध मुलं प्राचार्यांच्या केबिनबाहेर उभी. व्हँडरबिल्ट विद्यापीठाने हाच हिशोब मांडून ऑगस्ट २०२३ मध्ये ती सोय बंद केली.

पावशेर
पण यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) वाङ्मयचौर्यावरची २०१८ ची नियमावली आहे ना? १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे शिक्षा. आमच्याकडे सगळे तोच आकडा एआयला लावतात.

एक्स्टर्नल
पावशेर, ते साम्याचं मोजमाप आहे. १० पर्यंत माफ. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांत दुरुस्त प्रत द्यायची. ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. मोजताना सलग १४ शब्दांपर्यंतचं साम्य वगळायचं. आणि या शिक्षा प्रबंध-लघुप्रबंधांसाठी आहेत, एसवायच्या असाइनमेंटसाठी नाहीत. एआयचा मजकूर कुठूनच उचललेला नसतो, म्हणून त्याचं साम्य बहुतेकदा १० च्या आतच येतं. 'साम्य ४ टक्के' हा अहवाल आता प्रामाणिकपणाचा पुरावा राहिलेला नाही. उलट पूर्ण स्वतः लिहिणाऱ्याचं, ठरावीक व्याख्या नीट देणाऱ्याचं साम्य त्याहून जास्त निघतं. म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला.

अजून एक. ज्या शेऱ्यावर शिक्षा करायची त्याचा पुरावा विद्यार्थ्याला दाखवता आला पाहिजे. साम्याच्या अहवालात मूळ स्रोत शेजारी दिसतो. एआयच्या अहवालात फक्त टक्का दिसतो. उद्या मूल कोर्टात गेलं तर काय दाखवणार?

रविवार दुपार
मग हाताने लिहून घ्या की. निदान लिहिताना डोळ्यांखालून तरी जाईल.

मीठभाकर
रविवार दुपार, हाताने लिहून घेतल्याने मजकूर कुणाचा हे कळत नाही. मोबाइल टेकवून उतरवून काढायला ए-४ ची चार पानं दीड तासात होतात आणि उतरवताना डोक्यात काहीही जाऊ न देण्याची कला आपल्याकडे दहावीपर्यंतच पक्की होते. हस्ताक्षर फक्त कामाचा वेळ वाढवतं.

प्रयोगशाळेच्या विषयांत मात्र उपाय जुनाच आहे, तो फक्त सोडून दिला गेलाय. निरीक्षणं कार्बन पेपर लावून घ्यायची. वरची प्रत विद्यार्थ्याकडे, खालची लॅब सोडायच्या आधी शिक्षकाकडे, तारीख, वेळ आणि उपकरणाच्या क्रमांकासह. पेनाने लिहायचं, खोडरबर नाही. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला नवं वाचन. आठवड्याने येणारं जर्नल त्या प्रतीशी ताडायचं. २० च्या बॅचला प्रत्येकी दोन मिनिटं लागतात.

यंत्राने बनवलेली वाचनं ओळखण्यासाठी डिटेक्टर लागत नाही, लघुतम माप (उपकरण दाखवू शकतं ते सगळ्यात लहान माप) लागतं. ०.०१ मिमीच्या स्क्रूगेजवर ४.२३७ मिमी वाचन येऊच शकत नाही. साध्या दोलकात सगळ्यांचा जी (गुरुत्वत्वरण) ९.८१ येतो तेव्हा समजायचं की प्रयोग उलटा, उत्तराकडून वाचनाकडे झालाय. स्टॉपवॉच ०.०१ सेकंद दाखवतं, पण बोटाची चूक ०.१ ते ०.२ सेकंदाची असते. २० आवर्तनांच्या तीन वाचनांत दुसऱ्या दशांशापर्यंत एकसारखे आकडे असतील तर ते घड्याळातून आलेले नाहीत. आणि गुण उत्तराला देऊ नयेत. 'तुझा जी ९.४ का आला?' याच्या स्पष्टीकरणाला द्यावेत. ९.४ ला गुण कापले की मुलं ९.८१ च आणणार, एआय असो वा नसो.

शेवटचा बाक
९.८१ आणलं नाही तर सर पुन्हा प्रयोग करायला लावतात. गुरुत्वाकर्षणापेक्षा बसची वेळ प्रबळ.

अर्धा कप
व्हायवाचा हिशोब कुणीच मांडला नाही म्हणून मांडते.

एकेकट्याचा: पाच मिनिटं प्रश्न, एक मिनिट गुण लिहून पुढच्याला बोलावणं. ७२ गुणिले ६ म्हणजे ४३२ मिनिटं, सात तास बारा मिनिटं. पूर्ण सत्रातले ६० तास धरले तर बारा टक्के. एवढ्यात एक घटक शिकवून होतो.

चारांच्या गटाचा: १८ गट, प्रत्येकी १२ मिनिटं, एकूण २१६ मिनिटं. एका तासात चार गट घ्यायचे, १२ मिनिटं उशीर-गैरहजेरीसाठी सोडायची. पाच तासिकांत काम होतं. गट असला तरी प्रश्न नाव घेऊन विचारायचे आणि गुण प्रत्येकाचे वेगळे. गट कोणाचा ते आदल्या दिवशी यादीतून काढायचं, मुलांना ठरवू द्यायचं नाही. नाहीतर प्रत्येक गटात एक बोलणारा आणि तीन मान डोलावणारे.

प्रश्न प्रत्येकाला तीनच. पहिला: 'तुझ्या पान दोनवरचं हे वाक्य उदाहरण देऊन समजाव.' दुसरा: 'ही अट बदलली तर उत्तर काय होईल?' तिसरा: 'यात तू काय सोडून दिलंस आणि का?' गुण ४, ४, २. पहिल्याची पाठांतराने तयारी करता येते, दुसऱ्याची नाही. तिसऱ्याचं उत्तर ज्याने काम केलंय त्यालाच पटकन सुचतं.

बिघडतं कुठे? पहिल्या तासाचे प्रश्न दुसऱ्या तासापर्यंत व्हॉट्सअॅपवर. म्हणून प्रश्नाचा साचा आधीच जाहीर करावा, तपशील प्रत्येकाच्या कागदातून काढावा. मग फुटण्यासारखं काही राहत नाही. दुसरं, बुजरी मुलं. त्यांना पहिला प्रश्न लेखी द्यायचा, मिनिटभर विचार करू द्यायचा. आणि भाषेची मोकळीक हवी. इंग्रजी माध्यमाचा विषय असला तरी मराठीतून उत्तर चालेल हे सुरुवातीलाच सांगायचं, नाहीतर आपण विषय सोडून इंग्रजी तपासत बसतो.

तासिका
अर्धा कप, हिशोब सुंदर. आता खालची ओळ वाचा. ते पाच तास घेणार कोण? अनेक कॉलेजांत निम्मा विभाग तासिका तत्त्वावर आहे. मानधन घेतलेल्या तासाचं मिळतं. कागद वाचून प्रत्येकासाठी वेगळा प्रश्न काढण्याच्या वेळेचं मिळत नाही. ७२ कागद, प्रत्येकी चार मिनिटं वाचन म्हणजे जवळपास पाच तास अजून. जगभरातले सगळे 'एआय-सुरक्षित' उपाय शिक्षकाचा वेळ फुकट धरतात. विद्यापीठाने व्हायवाचे तास कार्यभारात मोजावेत, मग पुढचं बोलू.

अर्धा कप
मान्य, पूर्ण मान्य. निदान व्हायवा तासिकेच्या वेळेतच घ्यावी, म्हणजे तो तास 'घेतलेला' धरला जातो. वेळापत्रकात तसं छापून घ्यावं, तोंडी ठेवू नये. वाचनाच्या वेळेवर उपाय: कागद दोन पानांहून मोठा नसावा. दहा पानांची असाइनमेंट मागायचं कारण आता उरलेलंच नाही. दहा पानं यंत्राला दोन मिनिटं लागतात आणि आपल्याला वीस.

कोडगा
संगणकाचं सांगतो. इथे घरचा प्रोग्रॅम तपासणं हा शुद्ध वेळेचा अपव्यय आहे. गिटचा (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाचा) इतिहास मागणं हा उपाय बरेच जण सुचवतात. कमिट (नोंदवलेले बदल) छोटे-छोटे करून, मध्ये मुद्दाम एक चूक घालून इतिहासही बनवून मिळतो, त्यामुळे तो आधार म्हणून ठीक, पुरावा म्हणून नाही.

चालतं ते असं. ७२ चे २४ चे तीन बॅच. विद्यार्थ्याने घरून आणलेला स्वतःचाच प्रोग्रॅम, पाऊण तास, एक बदल. उदा. ग्रंथालय व्यवस्थापनाचा प्रोग्रॅम असेल तर 'एकच पुस्तक दोघांनी आरक्षित केलं तर रांग लाव'. बदल हजेरी क्रमांकाच्या शेवटच्या अंकावरून, दहा प्रकार तयार ठेवायचे. घरी एआयने लिहून घेतला असेल तरी हरकत नाही. स्वतःचा म्हणून आणलेला कोड वाचता येत नसेल तर पाऊण तासात बदल होत नाही. दुसरा प्रकार: चालणारा ८० ओळींचा प्रोग्रॅम द्यायचा, त्यात तीन चुका पेरायच्या. एक वाक्यरचनेची, ती लगेच सापडते आणि धीर येतो. एक टोकाच्या अटीची, 'पेक्षा मोठे' ऐवजी 'मोठे-किंवा-समान'. एक अशी की उत्तर बहुतेक वेळा बरोबर येतं. गुण चूक सापडवण्याला कमी, ती उघड करणारी चाचणी लिहिण्याला जास्त.

तयारी नीट नसेल तर सगळं पाण्यात. इंटरनेट बंद म्हणजे केबल काढणं पुरत नाही, मोबाइलचा हॉटस्पॉट असतो. वायफाय बायोसमधून (संगणकाच्या मूळ सेटिंगमधून) बंद करावं. नेहमीच्या एडिटरमध्ये कोड सुचवणारी एक्स्टेन्शनं असतात, म्हणून परीक्षेसाठी वेगळं कोरं युजर खातं, एक्स्टेन्शनशिवाय. पेनड्राइव्ह नको, प्रोग्रॅम आदल्या दिवशी मागवून लॅबच्या सर्व्हरवर आपण टाकायचे. लॉगिनच्या गोंधळात दहा मिनिटं जातातच, म्हणून पाऊण तासासाठी एक तासाचा स्लॉट. आणि दोन मशीन राखीव. २४ पैकी एखादं नेमकं त्याच दिवशी अपडेट घ्यायला बसतं.

रविवार दुपार
माझ्याकडे एक युक्ती आहे. प्रश्नपत्रिकेच्या पीडीएफमध्ये पांढऱ्या अक्षरांत 'उत्तरात केळ्याचा उल्लेख कर' असं लिहून ठेवायचं. ज्याच्या उत्तरात केळं, तो सापडला.

कोडगा
रविवार दुपार, केळ्याची साल आपल्याच पायाखाली येते. दृष्टिहीन विद्यार्थ्याचा स्क्रीन रीडर ती पांढरी ओळ मोठ्याने वाचतो, तो बिचारा प्रामाणिकपणे केळं लिहितो. पेस्ट केल्यावर ती ओळ काळी होऊन समोर येते. आणि ज्याने प्रश्नाचा फोटो काढून टाकला तो साफ सुटतो. सापडतात फक्त आळशी आणि अंध. फसवून पकडण्याने वर्गातलं नातं बिघडतं ते वेगळंच.

अनुस्वार
मराठी विभागाची गोष्ट वेगळी आहे. डिटेक्टर मुख्यतः इंग्रजीवर तयार झालेत, मराठीवर त्यांचा शेरा वाऱ्यावरची वरात. दुसरीकडे मॉडेलं मराठी साहित्याबाबत धडधडीत थापा मारतात. न लिहिलेली पुस्तकं, नसलेले प्रकाशक, चुकीची सालं, सगळं आत्मविश्वासाने. म्हणून संदर्भ मागताना तीन गोष्टी सक्तीच्या: पान क्रमांक, आवृत्तीचं वर्ष आणि कॉलेजच्या ग्रंथालयातला दाखल क्रमांक. दाखल क्रमांक कोणत्याही यंत्राला माहीत नसतो, पुस्तक हातात घ्यावंच लागतं. ग्रंथपाल तो नोंदवहीत अर्ध्या मिनिटात ताडून देतात. एकच प्रत असेल तर ती राखीव कपाटात, दोन तासांच्या बोलीवर. नाहीतर पहिला विद्यार्थी पंधरा दिवस घेऊन बसतो आणि बाकी ७१ जणांना कारण मिळतं.

बोलीभाषेच्या घटकासाठी: घरातल्या किंवा गावातल्या ज्येष्ठ व्यक्तीचं दहा मिनिटांचं ध्वनिमुद्रण, परवानगीने. त्यातल्या दोन मिनिटांचं लिप्यंतर. आपोआप लिप्यंतर करणारी साधनं वापरू द्यावीत, मग त्यांनी केलेल्या चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या. ती साधनं मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी प्रमाण मराठीकडे ओढून सरळ करतात. 'जावूचा आसा' चं 'जायचं आहे' करून टाकतात. ही यादीच असाइनमेंट. कुठे आणि का सरळ केलं हे सांगताना ध्वनी, प्रत्यय, शब्दक्रम सगळं येतं.

आणि हो, 'हे केवळ एक पुस्तक नाही, तर एक प्रवास आहे' असं एआय-छाप वाक्य दिसलं म्हणून कुणाला दोषी ठरवू नका. आपले काही समीक्षक हे १९८० पासून लिहितायत.

शेवटचा बाक
अनुस्वार, दंडवत. म्हणजे एआयच आपल्या समीक्षकांची कॉपी करून पास झालंय.

दोन वाटा
खडूफळा यांच्या मूळ मताशी असहमत. घरच्या कामाचे गुण काढून टाकले तर दीर्घ लेखन, संदर्भ शोधणं, दोनदा खर्डा करणं हे शिकवणंच सुटेल. पंधरा मिनिटांत वर्गात जे लिहून होतं तेवढंच उरेल.

सिडनी विद्यापीठाने दोन मार्ग केलेत. पहिल्यात समोर बसवून, देखरेखीखाली घेतलेली परीक्षा किंवा मुलाखत. एआय चालेल की नाही ते शिक्षक ठरवणार. दुसऱ्यात बाकी सगळं, तिथे एआय खुलं. जिथे बंदी पाळली जाते की नाही हे बघता येत नाही तिथे बंदी घालायचीच नाही, हे तत्त्व. कारण न बघता येणारी बंदी फक्त प्रामाणिक मुलांना लागू होते. आणि प्रत्येक विषयात नाही, तर पूर्ण पदवीभर मोक्याच्या टप्प्यांवर सुरक्षित तपासणी. हे महत्त्वाचं आहे, तासिका यांच्या वेळेच्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळतं. सहा विषयांत सहा व्हायवा घेण्यापेक्षा सत्राला दोन, पण खणखणीत.

रेडिंग विद्यापीठाचा २०२४ चा प्रयोग बघा. मानसशास्त्राच्या घरून द्यायच्या ऑनलाइन परीक्षेत त्यांनी ३३ बनावट विद्यार्थ्यांच्या नावे एआयची उत्तरं घुसवली. त्यातली ९४ टक्के उत्तरं परीक्षकांच्या लक्षात आली नाहीत, गुणही सरासरी खऱ्या मुलांपेक्षा जास्त.

खडूफळा
दोन वाटा, रेडिंगचं उदाहरण माझ्याच बाजूने जातंय! एआय खुलं असलेल्या मार्गावर मिळालेल्या गुणांचा अर्थ काय? ज्याच्याकडे पैसे भरून घेतलेलं मॉडेल आहे त्याला १० पैकी ९, ज्याच्याकडे फुकटचं आहे त्याला ७. ती पाकिटाची परीक्षा झाली.

दोन वाटा
म्हणून त्या मार्गावर गुण कमी ठेवायचे, काढायचे नाहीत.

पावशेर
रंगांची पट्टी कुणी वापरतं का? लाल म्हणजे एआय नको, पिवळा म्हणजे कल्पना सुचवण्यापुरतं, हिरवा म्हणजे खुलं. पाच पायऱ्यांचीही एक प्रसिद्ध मोजपट्टी आहे.

एक्स्टर्नल
विद्यार्थ्याला काय अपेक्षित आहे हे सांगायला चांगली. पण पिवळा सिग्नल आणि पुण्यातला चौक. 'फक्त व्याकरण तपासायला वापर' हे पाळलं का, हे कशावरून कळणार? सूचना बदलल्याने परीक्षा बदलत नाही. परीक्षेची रचना बदलावी लागते.

मीठभाकर
गुणांच्या पलीकडे शिकण्याचं काय, तेही बघा. तुर्कस्तानात सुमारे हजार शाळकरी मुलांवर गणिताचा प्रयोग झाला. साधं चॅट साधन दिलेल्यांचे सरावातले गुण ४८ टक्क्यांनी वाढले, पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतल्यावर ज्यांना ते कधी दिलंच नव्हतं त्यांच्यापेक्षा १७ टक्के कमी. तिसऱ्या गटाच्या साधनाला शिक्षकांनी सूचना दिल्या होत्या की उत्तर सांगायचं नाही, फक्त इशारा द्यायचा. त्यांचे सरावातले गुण १२७ टक्के वाढले आणि परीक्षेतली घसरण जवळपास दिसली नाही.

म्हणजे बंदीपेक्षा वापराची पद्धत शिकवणं स्वस्त आहे. पहिल्या तासाला फळ्यावर ही सूचना लिहून द्यावी: 'मी द्वितीय वर्षाचा विद्यार्थी आहे. उत्तर देऊ नकोस. माझी पायरी बघ, चूक असेल तर कोणत्या ओळीत ते सांग, आणि पुढे जाण्यासाठी मला एकच प्रश्न विचार.' हे स्वेच्छेवर आहे, मान्य. परीक्षेच्या आदल्या रात्री ही सूचना कुणी टाकणार नाही. पण पाचव्या आठवड्यात टाकणारे निघतात, त्यांच्यासाठी.

अर्धा कप
अवांतर: शिक्षकांनी एआयने पेपर तपासण्याचं काय? मुलं एआयने लिहितायत, सर एआयने तपासतायत, मधल्या मधे दोघंही चहा पितायत.

एक्स्टर्नल
उत्तरपत्रिकेचा फोटो बाहेरच्या सेवेत टाकणं म्हणजे नाव, बैठक क्रमांक, हस्ताक्षर असा व्यक्तिगत डेटा बाहेर देणं. २०२३ चा विदा (डेटा) संरक्षण कायदा आहे, संस्थेच्या लेखी धोरणाशिवाय हे करूच नये. शिवाय गिचमिड देवनागरी वाचताना यंत्र अडखळलं की थांबत नाही, काय लिहिलं असावं याचा अंदाज करून वाचतं. चुकीचं उत्तरही दुरुस्त होऊन बाहेर पडतं! आणि घाईने यंत्रणा बदलली की काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये नुसत्या स्क्रीनवरच्या तपासणीत दाखवलंय. निकाल रखडले, कुलगुरूंना जावं लागलं. तिथे तर एआयही नव्हतं.

प्रश्नपत्रिका तपासायला मात्र वापरावं. आपला असाइनमेंटचा प्रश्न आधी मॉडेलला द्या. एका फटक्यात दहापैकी सात गुणांचं उत्तर आलं तर तो प्रश्न घरी द्यायच्या लायकीचा राहिलेला नाही.

तासिका
क्षेत्र प्रकल्प आणि कार्य प्रशिक्षण राहिलेत. चार श्रेयांक म्हणजे १२० तास, आणि मूल्यमापन ३० पानी अहवालावर. तो अहवाल सगळ्यात आधी यंत्राकडे जातो. इथे अहवाल पाच पानांवर आणून रोजनिशीला वजन द्यावं. रोज पाच ओळी: काय केलं, कोणाबरोबर, किती वेळ, काय अडलं. दर शुक्रवारी फोटो काढून पाठवायचा. एकदम शेवटी लिहिलेली रोजनिशी ओळखू येते, १२० तास एकाच पेनाने लिहिलेले असतात. आणि जिथे काम केलं तिथल्या पर्यवेक्षकाला दहा मिनिटांचा फोन.

पावशेर
गुगल डॉक्सचा आवृत्त्यांचा इतिहास मागितला तर?

कोडगा
बघून टाइप केलं तरी इतिहास तयार होतो, आणि आपोआप थांबत-थांबत टाइप करणारी साधनंही आहेत. व्हायवात प्रश्न काढायला मात्र छान. 'हा परिच्छेद १२ तारखेला काढून का टाकलास?' याचं उत्तर आलं की झालं.

खडूफळा
बऱ्याच मुद्द्यांवर मत बदललं. दोन वाटा यांचं अर्धं मान्य. सुधारलेली वाटणी, ठोका:

वर्गातली चाचणी २०. स्वतःच्या हस्ताक्षरातला एक ए-४ कागद आत आणायची परवानगी. तो कागद घरी एआयला विचारून बनवला तरी चालेल. वर्गातलं छोटं लेखन १०: सत्रात सहा वेळा, पंधरा मिनिटं, एक पान, ०-१-२ असे गुण, चांगली पाच धरायची. गट-व्हायवा १०, अर्धा कप यांच्या पद्धतीने. घरच्या दोन पानी लेखाला शून्य गुण, एआय खुलं. पण लेख नाही तर व्हायवाला प्रवेश नाही आणि व्हायवाचे प्रश्न त्यातूनच.

तासिका
छोट्या लेखनाची ४३२ पानं झाली.

खडूफळा
०-१-२ असल्याने पानाला ४५ सेकंद. ४३२ पानं म्हणजे साडेपाच तासांच्या आत, सत्रभरात विभागून. आताची ७२ असाइनमेंटं वाचायला याहून जास्त लागतात. म्हणजे वाचत असाल तर.

दोन वाटा
शून्य गुण आणि प्रवेशपास, हे चालेल. लेखाच्या शेवटी 'एआयने काय दिलं, मी काय बदललं, काय फेकलं' अशा चार ओळी मागा. व्हायवाचा तिसरा प्रश्न तिथून तयार मिळतो.

अनुस्वार
लेखनिक घेणाऱ्या विद्यार्थ्यांचं विसरू नका. तासाला २० मिनिटं जादा वेळ हा नियम आहे, म्हणजे पंधरा मिनिटांच्या लेखनाला पाच. तासिकेच्या शेवटी लेखन ठेवलं तर पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे राहतात. सुरुवातीलाच घ्या.

अर्धा कप
आणि व्हायवाच्या दिवशी गैरहजर असेल त्याचं? एटीकेटीवाल्यांची व्हायवा पुढच्या सत्रात कोण घेणार, शिक्षक बदललेला असेल तर?

खडूफळा
गैरहजरांसाठी पाचव्या तासिकेतला अर्धा वेळ रिकामा आहेच, १८ गट साडेचार तासांत होतात. एटीकेटीचं सुचलं नव्हतं. लेखाची प्रत आणि विचारलेले तीन प्रश्न विभागाच्या फायलीत ठेवले तर नवा शिक्षक घेऊ शकेल?

तासिका
फाईल ठेवायला कपाट लागेल. मागणीपत्र टाका, पुढच्या आर्थिक वर्षात येईल.